अमेरिकेत राज्यशास्त्रात पीएचडी करायची तर सध्या संशोधन कशावर चालतं? गणित नसलेल्याला जमतं का? आणि पुढे नोकरी मिळते का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीला एमए करताय, बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही आणि ‘राज्यशास्त्राला गणित कशाला लागतंय’ असं सरांनी सांगितलंय. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि ते साफ चुकीचं आहे. त्यापायी किती हुशार मुलं अर्ज भरण्याआधीच बाद होतात, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

विषयांची यादी हवी असेल तर ती छोटी आहे. विरोधी पक्षाच्या माणसाबद्दल वाटणारा तिटकारा, लोकशाहीची घसरण, पोलीस आणि न्यायालयं, स्थलांतर, चुकीची माहिती, मजकुराचं संगणकाने विश्लेषण. पण विषय पाहून कोणी प्रवेश देत नाही. पाहतात ते एवढंच: अमुक गोष्टीमुळे तमुक घडलं, हे तुम्ही कशावरून म्हणता?

मुंबईचंच उदाहरण घ्या. २००९ साली ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या तिथल्या सगळ्यांत मानाच्या नियतकालिकात रिखिल भवनानी यांचा एक लेख आला. प्रश्न असा: महिला आरक्षण उठलं की बायका परत घरी बसतात का? नुसतं राखीव आणि खुले प्रभाग शेजारी ठेवून हे कळत नाही. ज्या प्रभागात बाई खुल्या जागेवरून निवडून येते तिथे पक्षच भक्कम असेल किंवा घराणं मोठं असेल, मग श्रेय कोणाला द्यायचं? मुंबई महापालिकेत मात्र राखीव प्रभाग कोणाच्या मर्जीने नाही, यदृच्छेने, म्हणजे सोडत काढल्यासारखे ठरत होते. म्हणजे १९९७ ला राखीव असलेले आणि नसलेले प्रभाग बाकी सगळ्या बाबतींत सरासरीने सारखेच. आता त्यातले २००२ ला खुले असलेले तेवढे घ्या आणि दोन गटांत किती बायका निवडून आल्या ते मोजा. आधी राखीव असलेल्या प्रभागांत बाई निवडून येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. एक कारण असं की आरक्षणामुळे जिंकू शकणाऱ्या बायका राजकारणात आल्या. दुसरं, बाई निवडून येऊ शकते हे पक्षांना कळलं.

आपल्याकडे आरक्षणाच्या सोडतीची बातमी दर निवडणुकीला छापून येते. कोणाचा पत्ता कटला, कोणाची बायको उभी राहणार, एवढीच चर्चा होते. त्याच कागदातून हे संशोधन उभं राहिलं. तनू कुमार यांनी म्हाडाच्या घरांच्या सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली कुटुंबं अशीच ताडून पाहिली. घर मिळालेले लोक स्थानिक राजकारणात जास्त भाग घेताना दिसले.

मग तुम्ही सांगलीत हेच करायला जाल आणि पहिल्याच पायरीवर अडाल. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक येतो. बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, तिथे जवळजवळ प्रत्येक प्रभागात महिलांच्या जागा असतातच. मग राखीव प्रभाग आणि बिनराखीव प्रभाग ही तुलनाच उरत नाही. म्हणून जिल्हा परिषदेचे गट घ्या, तिथे एका गटाला एकच सदस्य. त्यातही तीन ठिकाणी घात होतो. एक, दोन निवडणुकांच्या मध्ये गटांच्या हद्दी बदलतात. नाव तेच राहतं, गावं वेगळी होतात. प्रत्येक गटातल्या गावांची यादी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन, मागच्या वेळी राखीव असलेले गट पुढच्या सोडतीतून वगळत असतील, किंवा अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने ठरत असतील, तर सगळ्यांची शक्यता समान राहत नाही. हे नियमांच्या मूळ मजकुरातच सापडतं, बातमीत नाही. तीन, जुन्या अधिसूचनांच्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. कॉपी केलं की कचरा येतो. फॉन्ट ओळखून रूपांतर करा, नाहीतर सरळ हाताने टाइप करा. साठ गटांचं टायपिंग दोन दिवसांचं काम आहे. इथे मराठी वाचता येणं ही तुमची खरी जमेची बाजू. तलाठी, गट, गण, ओबीसी दाखल्याची भानगड हे तिथल्या विद्यार्थ्याला समजायलाच वर्ष जातं.

आणि गणित लागतं ते इथे. समजा साठ गटांत प्रत्येकी वीस माणसांना प्रश्न विचारले. तुम्ही म्हणणार, माझ्याकडे १२०० माणसं आहेत. पण सोडत माणसांची झाली नव्हती, गटांची झाली होती. एका गटातली वीस माणसं एकच सदस्य, एकच रस्ता, एकच पाणी अनुभवतात, म्हणून त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. आपला अंदाज किती चुकू शकतो याची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) गट धरून काढावी लागते. ती १२०० सुटी माणसं धरून काढली तर नसलेला परिणामही ठसठशीत दिसतो. अर्ज वाचणारा प्राध्यापक पहिल्यांदा हेच तपासतो. ‘गणित कशाला’ म्हणणाऱ्यांनी ही चूक पकडून दाखवावी.

तुम्हाला लागणारं गणित आठ महिन्यांत होतं: रोज दीड तास, आधी संभाव्यता, मग एका चलाचं कलन (कॅल्क्युलस), मग मॅट्रिक्स, सोबत आर (R) ही आकडेमोडीची संगणकभाषा. रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांतून काढायची रीत, पुस्तकातून पाठ करू नका. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचा भारतीय निवडणुकांचा डेटा फुकट मिळतो. तो उतरवून घ्या आणि एकच तक्ता स्वतः तयार करा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचे दोन-तीन कोर्स आणि बऱ्याच ठिकाणी गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून निर्णय कसे घेतले जातात, याचं गणित) असते. पाटी कोरी घेऊन गेलात तर पहिल्याच सत्रात दमछाक होईल.

अर्जाचं थोडक्यात सांगतो. मुदत साधारण १ ते १५ डिसेंबर, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये, होकार कळवायची तारीख १५ एप्रिल. एमए असलंच पाहिजे असं नाही. शिफारसपत्रं तीन, लेखननमुना वीस ते तीस पानांचा. हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘लहानपणापासून राजकारणाची आवड’ लिहू नका. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात आजवरचं उत्तर कुठे अपुरं पडतं, तिसऱ्यात तुम्ही ते कशाच्या आधारे शोधणार. त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांचीच नावं घ्या आणि त्यांचे लेख खरोखर वाचलेले असू द्या. फी माफी आणि विद्यावेतन नसलेली पीएचडी घेऊ नका. कर्ज काढून अमेरिकेत राज्यशास्त्राचं एमए करणं हा तर मला सरळ आत्मघात वाटतो.

नोकरी. प्राध्यापकीची दारं अरुंद आहेत. २०२२ साली ‘नेचर’मध्ये सगळ्या विषयांचा मिळून अभ्यास आला होता: अमेरिकेत शिकलेल्या प्राध्यापकांपैकी सुमारे ८० टक्के लोक फक्त २० टक्के विद्यापीठांतून आलेले. म्हणून विभाग निवडताना जाहिरात पाहू नका. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांची मुलं कुठे लागली ती यादी उघडा. काही विभाग फक्त चांगली नावं टाकतात, तेव्हा यादीत दर वर्षी किती नावं आहेत तेही मोजा. नोकरीच्या जाहिराती जुलैपासून येतात, मुलाखती बहुतेक हिवाळ्याच्या आत उरकतात. संशोधन विद्यापीठात सत्राला दोन कोर्स शिकवायचे, लहान कॉलेजात तीन-चार. पगारापेक्षा या आकड्याने आयुष्य जास्त बदलतं. बाहेर सर्वेक्षण संस्था, तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रयोग विभाग, प्रचाराचं विश्लेषण अशी कामं मिळतात, आणि तिथे विचारतात ते आर आणि प्रयोगाची रचनाच. विकास प्रकल्पांच्या मूल्यमापनाचा रस्ता यूएसएआयडी ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाल्यापासून आकसला आहे. त्याच वर्षी संशोधन अनुदानं रद्द झाली, काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कापल्या. त्यामुळे वर जे ठामपणे लिहिलंय त्यातल्या तारखा आणि जागा प्रत्येक विभागाकडून पुन्हा विचारून घ्या.

राजकीय सिद्धांत करायचा असेल तर सोडत, रिग्रेशन हे बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथे मूळ ग्रंथ आणि भाषा लागतात. पण त्या शाखेत नोकऱ्या सगळ्यांत कमी, हेही सरांना विचारा.

व्हिसाचं एक राहिलं. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ व्हिसासाठी आय-२० हा कागद देतं, त्यावर अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. साध्या राज्यशास्त्राचा ४५.१००१ असेल तर पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची. ४५.०१०२, म्हणजे सामाजिक शास्त्रांतल्या संशोधन आणि संख्यात्मक पद्धती, हा क्रमांक २०२२ पासून स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या सरकारी यादीत आहे आणि त्यावर आणखी २४ महिने मिळतात. तुमच्या विभागाचा क्रमांक कोणता, हे होकार कळवायच्या आधी ईमेलने विचारा. हे नियम बदलत असतात, म्हणून त्या आठवड्याचं उत्तर लेखी घ्या.