आधी त्याच्याकडे जा

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. तरुण संघाच्या वर्गणीतले पैसे मित्राने परस्पर वापरले हे तुला कळलं आणि तुझी झोप उडाली. चर्चच्या पंच कमिटीला सांगावं की ‘दोष काढू नका’ म्हणून गप्प बसावं, एवढंच तू विचारतोस. अरे, ‘दोष काढू नका’ सांगणारा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचतोस तसा अठरावाही वाच. पंधरावं वचन. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. मंडळीला, म्हणजे सगळ्या चर्चला, सांगायचं ते त्यानंतर. मग तू गेलास का त्याच्याकडे? एवढ्या लांबलचक पत्रात ते कुठेच नाही!

प्रेषित पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, चारचौघांत सुनावलं, असं तू लिहितोस. पण अंत्युखियात काय झालं होतं? यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आल्यावर केफा परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीपासून दूर झाला, बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. दोष उघड्यावरचा होता, पंगत सगळ्यांची मोडली होती. तरीही पौल बोलला तो केफाच्या तोंडावर. तुझ्या मित्राला तर तुला काही कळलंय याचाही पत्ता नाही. आधी त्याच्याकडे जा.

आमच्या मंडळीत एका कुटुंबाविरुद्ध अर्ज फिरला होता. मी विचारलं, त्यांच्याशी कोण बोललंय? कोणीच नाही. मी सही केली नाही. पाप झाकणारी म्हणून अजून माझं नाव घेतात. घेऊ देत. आजही करणार नाही. ते कुटुंब मंडळी सोडून गेलं. मी तरी त्यांच्या घरी वेळेवर जायला हवं होतं, हे मात्र अजून सलतं.

आणि तू प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीची ती भाकर आणि प्याला, घेणं का थांबवलंस? करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर पौलाने अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दलचे ते कडक शब्द लिहिले. आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं तो सांगतो. दूर राहावं असं नाही. स्वतःला शिक्षा ठोठावायचा अधिकार तुला कोणी दिला?

आज संध्याकाळीच जा. हिशेबाची वही ने. चहापाण्यात वेळ घालवू नकोस, बसल्या बसल्या विषय काढ. पैसे का लागले तेही विचार, घरात कोणी आजारी असेल. तो चिडला, ऐकेना, तर मला फोन कर. दुसऱ्या खेपेला मी येते तुझ्याबरोबर.

तुझी,
मावशी