मोदकाच्या कळ्या

तुझं पत्र थोडक्यात असं: गणपतीत धाकट्या जावेने वळलेले सहा मोदक तू सगळ्यांदेखत मोडून पुन्हा वळलेस, कारण कळ्या कमी होत्या. तेव्हापासून ती आली की बाहेरच बसते. नवराही म्हणतो, "तूच कर सगळं, आमचं तुला पसंत पडत नाही." आणि तू विचारतेस, "ताई, मला चूक दिसतेच. डोळेझाक कशी करू?"

करू नकोस. दिसतं ते दिसणारच. हात लगेच पुढे जातो ना, तो आवर.

उकड नीट मळली नसेल तर पारी चिरते, वाफेवर मोदक फुटतो, सारण बाहेर येतं. ते सांगायलाच हवं, मळतानाच आणि हळू आवाजात. पण पंधराच्या जागी नऊ कळ्या? वरून तूप सोडल्यावर कुठला कोणाचा, हे तुलाही ओळखू येणार नाही.

पत्रात तू जाता जाता लिहिलंयस, की लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासूबाई तुझा मोदक हातात धरून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे असे नसतात." मी त्या ओळीवर थांबले. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली 'सगळं अचूकच हवं' या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून सगळं अचूक हवं, इतरांकडून हवं, आणि लोकांना माझ्याकडून तसंच हवंय असं वाटत राहणं. तुझ्यात तिसरा आधी आला असावा. जे तेव्हा तुला लागलं, तेच जावेच्या वाट्याला गेलं.

मीही काही वेगळी नाही. नवऱ्याने वाळत घातलेले कपडे मी वर्षानुवर्षं पुन्हा झटकून घालत असे. शेवटी त्याने घालणंच सोडलं, आणि घरात कशाला हात लावत नाही म्हणून मी त्यालाच बोलले!

जावेला फोन कर. "मी जरा परफेक्शनिस्ट आहे गं" असं मात्र म्हणू नकोस, ती माफी नव्हे, फुशारकी. "तुझे मोदक सगळ्यांसमोर मोडले, चुकलं माझं," एवढंच. संक्रांत महिन्यावर आलीय, तिळगुळाचे लाडू तिच्यावर सोपव. पाक गरम असताना भराभर वळायचे असतात, लहानमोठे होणारच. तेव्हा ओट्यापाशी उभी राहू नकोस, बाहेर बसून सुगडासाठी बोरं निवड.

नवऱ्याकडे आधी कपड्यांच्या घड्या परत दे. आणि दोन दिवस ते कपाट उघडू नकोस.