जुन्या, हातबनावटीच्या काचेच्या गोट्या कशा ओळखायच्या आणि त्यांना काय म्हणतात?

पेनसिल्व्हेनियात घरसामानाच्या एका विक्रीतून आपण बरणीभर गोट्या घेतल्या, त्यांतल्या काहींच्या आत पांढरी जाळी दिसते आणि बोट फिरवल्यावर टोकाशी खरखर लागते, तेव्हा या हातबनावटीच्या आहेत का आणि त्यांचे नाव काय, असा आपला प्रश्न आहे. जुन्या गोट्या मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो. आपल्या वर्णनावरून त्या जर्मन असण्याची शक्यता मला बरीच वाटते. मात्र नावाकडे शेवटी वळावे. आधी गोटीची दोन्ही टोके नीट पाहावीत, कारण ती कशी घडली याचा पुरावा तिथेच असतो.

अमेरिकेत सापडणाऱ्या जुन्या हातबनावटीच्या गोट्यांपैकी बहुतेक जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातल्या लाउशा या गावातून आणि त्याच्या परिसरातून आलेल्या आहेत. १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे गोट्या कापण्याची एक खास कात्री निघाली. तिच्या एका पात्याच्या टोकाला लहानशी वाटी होती. कारागीर रंगीत काचेच्या काड्या पारदर्शक काचेत गुंडाळून त्याची जाड कांब करत, ती तापलेली असतानाच पीळ देत ओढून लांबवत आणि मग तिचे टोक त्या वाटीत फिरवून गोल करून कात्रीने जवळजवळ तोडत. म्हणून गोटीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे जिथून ती कांबेपासून सुटली तिथे, खरखरीत किंवा घासून सपाट केलेली खूण राहते. तिला पॉन्टिल म्हणतात. आतले सगळे रंगीत धागे एका पॉन्टिलपासून निघून पीळ घेत दुसऱ्यापाशी मिळत असतील, तर ती गोटी कांबेतून कापलेली आहे हे निश्चित समजावे. पहिल्या महायुद्धाने हा व्यवसाय जवळजवळ मोडून काढला.

आता नावे. ही बहुतेक नावे संग्राहकांनी नंतर दिलेली आहेत आणि ती गोटीच्या गाभ्यावरून पडली आहेत. आपण जिला जाळी म्हणता, ती बहुधा लॅटिसिनो कोअर स्वर्ल असावी. तिच्या मध्यभागी पांढऱ्या किंवा पिवळ्या बारीक धाग्यांची, वेताच्या खुर्चीच्या बैठकीसारखी विणलेली पोकळ नळी असते आणि पृष्ठभागाजवळ रंगीत पट्ट्यांचा वेगळा थर फिरतो. गोटी खिडकीसमोर धरून हळूहळू फिरवली की हे दोन थर एकमेकांपासून सुटे दिसतात आणि त्यांच्यामधली स्वच्छ काच जाणवते. गाभा जाळीचा नसून भरीव असेल तर सॉलिड कोअर, तीन-चार वेगळ्या पट्ट्यांचा असेल तर डिव्हायडेड कोअर आणि सपाट फितीसारखा असेल तर रिबन कोअर. लॅटिसिनो हा यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. तो मिळाल्याचा आनंद जरूर मानावा, पण तेवढ्यावरून किमतीचे मोठे अंदाज बांधू नयेत.

सोनेरी चमक असलेल्या गोट्यांना लुट्झ म्हणतात. ती चमक सोन्याची नसून काचेतल्या तांब्याच्या सूक्ष्म स्फटिकांची असते. हे नाव मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनीत काम करणाऱ्या निकोलस लुट्झ या कारागिरावरून पडले, गोट्या मात्र जर्मनच. अपारदर्शक काळ्या काचेवर रंगीत पट्टे असतील तर ती इंडियन, अभ्रकाचे चमकते कण असतील तर मायका, आणि पृष्ठभागाखाली रंगांचे ताणलेले शिंतोडे असतील तर ओनियन स्किन. सल्फाइड गोटीत पांढऱ्या मातीसारख्या द्रव्याची छोटी आकृती बसवलेली असते. बहुधा एखादा प्राणी, क्वचित माणूस. आकृती आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर अडकल्यामुळे ती चंदेरी भासते. या गोट्या एकेक करून घडवल्या जात, त्यामुळे त्यांना सहसा एकच पॉन्टिल असतो.

बरणीत यंत्राच्या गोट्याही असणारच. ओहायोतील अ‍ॅक्रन येथे मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन यांनी काढलेल्या यंत्राला १९०५ साली पेटंट मिळाले. त्यांच्या कारखान्यातील स्लॅग, म्हणजे रंगीत काचेत पांढरी काच मिसळलेल्या, गोट्यांची काच कारागीर सळईवर हाताने घेत, गोलाई मात्र यंत्र देई. म्हणून तिच्यावर पॉन्टिल नसतो, पण एका बाजूला पांढऱ्या काचेचे ९ या आकड्यासारखे वळण आणि विरुद्ध बाजूला काच तोडल्याची लहान रेघ दिसते. हातकाम आणि यंत्र यांच्यामधल्या दुव्याच्या या गोट्या मला फार प्रिय आहेत. सरसकट सगळ्या यंत्रगोट्या बाजूला टाकून देताना त्याही हातून जातात, म्हणून कृपया त्या आधी वेगळ्या काढाव्यात. आपण लहानपणी खेळलो त्या, आत रंगीत पाती असलेल्या कॅट्स आय गोट्या मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. एकरंगी, हिरवट-निळसर, आत काहीच नसलेली गोटी कदाचित खेळण्यातली नसेलही. हायरम कॉड यांच्या १८७० च्या दशकातील बाटलीतली, म्हणजे आपल्या गोटी सोड्यातली, गोटी अशीच दिसते.

केवळ पॉन्टिल आहे म्हणून गोटी जुनी ठरत नाही. आजचे काच-कलाकारही हाताने गोट्या करतात आणि काही जण जुन्याच नमुन्यांवर करतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावे. जुन्या, खेळलेल्या गोटीवर बारीक ओरखडे आणि आपटल्याच्या अर्धचंद्राकृती खुणा सगळीकडे विखुरलेल्या असतात. पृष्ठभाग निर्दोष, तरीही पॉन्टिलच्या कडा बोथट झालेल्या असतील, तर ती नंतर पॉलिश केलेली असावी. त्यामुळेच माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या गोट्या चमकवण्यासाठी कोणाकडेही देऊ नयेत. पॉलिशमध्ये काचेचा वरचा थर जातो, पॉन्टिल पुसट होतो आणि संग्राहकांच्या दृष्टीने किंमत बरीच घटते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसे आहे. गरम पाणी वापरू नये, कारण तापमान एकदम बदलले की आधीच चीर गेलेली काच फुटू शकते.

प्रत्येक गोटीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठेवावा आणि दोन्ही टोकांचे व एका बाजूचे असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे द्यावेत. मग गाभ्याचा प्रकार मी अधिक खात्रीने सांगू शकेन.