रिलीफ व्हॉल्व्ह फुसफुसतोय म्हणून आवळू नका

प्रश्न : मुलुंडला आमची दोन टॉवरची सोसायटी आहे, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बेसमेंटमधे. टाकीत हवा सोडायला दोन रूट्स ब्लोअर, एक चालू एक स्टँडबाय. हल्ली चालू असलेला ब्लोअर फार तापतो आणि मोटर मधूनच ट्रिप होते. वरचा व्हॉल्व्ह सारखा हवा सोडायचा म्हणून ऑपरेटरने तो पान्याने आवळून टाकला. कमिटीतले एक जण म्हणतात की आवाज कमी करायला पुढचा व्हॉल्व्हपण अर्धा बंद ठेवा. ठेवू का?
– सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : अजिबात नको, आणि आवळलेला व्हॉल्व्ह आजच्या आज एएमसीवाल्याला बोलावून मूळ सेटिंगला आणून घ्या, तोवर स्टँडबाय चालवा (त्याचा व्हॉल्व्ह कोणी आवळला नाहीये ना ते बघून). तो रिलीफ व्हॉल्व्ह आहे, हवा वाया घालवायला कोणी बसवलेला नाही, पुढे काहीतरी तुंबलंय एवढंच तो बिचारा ओरडून सांगत होता आणि तुमच्या माणसाने त्याचंच तोंड दाबलं.

रूट्स ब्लोअरमधे दोन रोटर एकमेकांना न शिवता उलटसुलट फिरतात, मधे अगदी बारीक गॅप असते, आणि प्रत्येक फेरीला ठरलेली हवा ते पुढे ढकलतात म्हणजे ढकलतातच. पुढे वाट मोकळी आहे की बंद, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. लोकांना वाटतं प्रेशर ब्लोअर बनवतो, पण प्रेशर ठरवते तुमची टाकी. 1 मीटर पाण्याला साधारण 0.1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) धरा, म्हणजे 4 मीटर पाणी असेल तर 0.4 किलो नुसतं पाण्याचंच, वर पाइप आणि डिफ्युझरचं (टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणारे) थोडं. नेमप्लेटवर 0.5 लिहिलं असेल तर ती मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं काही नसतं. डिफ्युझरच्या रबरावर गाळ आणि खार बसला की तेच प्रेशर 0.6 वर जातं, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ट्रिप होते, यात मोटरचा दोष काहीच नाही. आणि ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवून ट्रिप थांबवायचा उद्योग तर कोणी करूच नका, मग मोटर जळेल किंवा ब्लोअर जाम होईल, दोन्हीचं बिल सोसायटीलाच.

तापण्याचा हिशोबही यातलाच. 0.5 किलोला हवा ढोबळमानाने 50 डिग्री तापते. बेसमेंटमधे एक्झॉस्ट फॅन बंद पडलेला असेल आणि ब्लोअर 40 डिग्रीची हवा ओढत असेल तर बाहेर पडते ती 90 च्या घरात. म्हणजे पाइपला चटका बसणं हे आपोआप बिघाडाचं लक्षण नाही (पण डिस्चार्जला पीव्हीसी पाइप जोडलेला असेल तर तो वाकणारच, तिथे लोखंडीच हवा). भीती आहे ती त्याच्या वर गेलं तर. रोटर फुगतात, ती बारीक गॅप संपते, रोटर घासतात आणि एक दिवस कर्रर्र होऊन सगळं अडकतं.

तेव्हा आधी प्रेशर गेज बघा. बऱ्याच सोसायट्यांत त्याचा काटा ब्लोअर बंद असला तरी 0.4 वरच असतो, म्हणजे गेज मेलेलं. नवीन बसवा, आणि ऑपरेटरला रोज प्रेशर आणि अँपिअर वहीत लिहायला लावा, भिंतीवर नको, रंगकाम झालं की जातं. पाण्याच्या हिशोबापेक्षा प्रेशर बरंच जास्त दिसलं तर डिफ्युझर साफ करा. प्रेशर ठीक पण ब्लोअर गरम, तर सक्शनचा फिल्टर काढून बघा, मुंबईत बाजूला बांधकाम चालू असेल तर तो बघता बघता भरतो. फिल्टर काढूनच चालवू मात्र नका, एक छोटा खडा आत गेला तरी रोटर गेले.

हवा खरंच कमी करायची असेल तर व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारं उपकरण), मोटरवर छोटी पुली, नाहीतर जादा हवा बाहेर सोडायची लाइन. व्हीएफडीवरही कंपनीने दिलेल्या किमान स्पीडच्या खाली नाही, कमी स्पीडला हवा आतल्या आत मागे गळते आणि ब्लोअर उलट जास्त तापतो. व्हॉल्व्ह दाबून हवा कमी करणं चालतं ते सेंट्रिफ्युगल ब्लोअरला (पंख्यासारखं चाक फिरवून हवा फेकणारा), नाव सारखं म्हणून लोक गल्लत करतात, आणि तिथेसुद्धा फार दाबला तर हवा पुढेमागे हेलकावे खाते आणि मशीन हुंकारायला लागतं. आवाजाला सायलेन्सर, खाली रबर पॅड आणि अकूस्टिक हूड लावा, फक्त हूडचा स्वतःचा पंखा चालू पाहिजे. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे, तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार रास्त असू शकते, पण म्हणून रात्रभर ब्लोअर बंद ठेवलात तर सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळणार नाही आणि सकाळी वासाची तक्रार येईल.

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, सेंट्रिफ्युगल ब्लोअरची हवा कमी पडते. पुली बदलून आरपीएम वाढवू का?

उत्तर : आधी डक्टचे लीकेज शोधा, निम्म्या वेळा हवा तिथेच जाते. आरपीएम 10 टक्के वाढवला तर हवा 10 टक्के वाढते पण पॉवर साधारण 33 टक्के जास्त लागते, मोटरला तेवढी जागा आहे का ते आताचे अँपिअर बघून ठरवा. आणि इंपेलरच्या (आतलं फिरणारं चाक) कमाल आरपीएमच्या वर कधीच नाही, तो फुटला तर केसिंग फाडून बाहेर येतो.

प्रश्न : मी ऑपरेटर आहे, भांडुप. साहेब म्हणतात बेल्ट टाइट करायला मेन स्विच कशाला पाडायचा, स्टार्टर बंद केला की झालं. आणि ऑइल किती भरायचं?

उत्तर : साहेबांना हे पान दाखवा. टायमरवरचा ब्लोअर आपोआप सुरू होतो, तेव्हा तुमची बोटं बेल्टमधे असतील. मेन आयसोलेटर पाडा, कुलूप लावा, चावी तुमच्याच खिशात, आणि काम झालं की बेल्टची जाळी परत बसवूनच चालू करा. ऑइल मशीन बंद असताना लेव्हल दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत, जास्त भरलं तर फेस होऊन तेच तापतं. कानात प्लग घालता ना?

अजून एक, बंद केलेला ब्लोअर उलटा फिरताना दिसला तर दुसऱ्या ब्लोअरची हवा एनआरव्हीतून (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) परत येतेय. तशात स्टार्टर दाबला तर बेल्ट किंवा शाफ्ट जाईल. त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करा, फिरणं थांबू द्या, एनआरव्ही दुरुस्त करून घ्या, आणि परत चालू करायच्या आधी तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय ना ते स्वतः बघा.