वाचकांचे प्रश्न : माफीनाम्यावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा एका खासगी संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयात शिकतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दोन गटांत मारामारी होऊन वर्गांच्या काचा फुटल्या आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एसटीवरही दगड पडले. माझा मुलगा तिथे मोबाईलवर चित्रीकरण करत होता, परंतु १४ जणांच्या यादीत त्याचे नाव आले आहे. महाविद्यालयाने नुकसानीपोटी ३८,००० रुपयांतील वाटा आणि छापील माफीनाम्यावर सही मागितली आहे. पोलिसांची नोटीसही आली आहे. काय करावे?
– एक आई

उत्तर : ताई, पोलिसांच्या नोटिशीपेक्षा तो माफीनामा मला अधिक काळजीचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र प्राचार्य हे पोलीस नसल्यामुळे त्यांच्या हाती दिलेल्या लेखी कबुलीला हे संरक्षण मिळत नाही. ‘आम्ही काचा फोडल्या’ असे वाक्य त्या कागदावर असेल, तर तोच कागद उद्या खटल्यात दाखल होऊ शकतो. धाक दाखवून घेतलेली कबुली न्यायालय बाजूला ठेवते हे खरे, पण तो धाक पुढे दाखवून द्यावा लागतो. मुलाने सही करू नये. पैसे भरायचेच असतील, तर ‘कोणताही दोष मान्य न करता, केवळ सलोख्यासाठी’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र सोबत द्यावे, पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि रकमेची पावती मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आता गुन्ह्याविषयी. मालमत्तेच्या नुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३२४ लागते. नुकसान २०,००० रुपये किंवा अधिक, पण एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि एक लाख वा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. खासगी संस्थेची इमारत केवळ अनुदान मिळते म्हणून सार्वजनिक मालमत्ता ठरत नाही. एसटीचे तसे नाही. तिच्या काचेसाठी सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ लागू शकतो, ज्यात सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाच्या नुकसानीसाठी किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे (कारणे नोंदवून न्यायालय किमान शिक्षा कमी करू शकते) आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावाचे कलम लावले गेले, तर दगड कोणाच्या हातातून सुटला हे सिद्ध न होताही जमावातील प्रत्येकाला जबाबदार धरता येते. तथापि केवळ बघ्या म्हणून उभा असलेला माणूस त्या जमावाचा सदस्य होत नाही. म्हणूनच मुलाच्या मोबाईलमधले चित्रीकरण हाच त्याचा सर्वांत मोठा आधार आहे. मित्रांना वाचवण्यासाठी ते पुसून टाकण्याचा मोह होईल. तसे करणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि मुलाचा बचावही त्यासोबत जाईल.

नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील असेल, तर दिलेल्या दिवशी वकिलांचा सल्ला घेऊन हजर राहावे. नोटीस पाळणाऱ्याला पोलीस कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करू शकत नाहीत. न पाळणे हेच मात्र अटकेचे कारण ठरते. एफआयआरची प्रत मिळवावी, आणि त्यात १९८४ चा अधिनियम असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करण्यास उशीर करू नये.

महाविद्यालय निलंबन करू शकते, पण आरोप लेखी कळवून आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेऊनच.

दोष सिद्ध झालाच, तरी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका मागता येते. २१ वर्षांखालील दोषीला कैदेत पाठवण्यापूर्वी न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. मात्र वय निकालाच्या दिवशीचे धरतात, आणि खटला लांबला तर तुमच्या मुलाच्या हातून हा लाभ निसटू शकतो. त्याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार, अशी सुटका मिळालेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

पुढे सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना येईल. तिथे ‘नाही’ लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात माहिती खरी देण्याचे बंधन स्पष्ट केले आहे. खरी माहिती दिली म्हणून नियुक्तीचा हक्क मिळत नाही, परंतु लपवाछपवी उघड झाली तर हाती आलेली नोकरीही जाऊ शकते.