आधी वही परत द्या, लातूरचं नंतर बघू

पत्र थोडक्यात असं आहे. तासगाव तालुक्यातले एक वडील, द्राक्षबाग आहे, शिवाय कृषी सेवा केंद्र. मुलीला नीटला पहिल्यांदा ३८९, दुसऱ्यांदा ४३१. आता ती सांगलीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेज सोडायला लावून तिसऱ्या अटेम्प्टसाठी लातूरला ठेवायचंय, तर क्लास कुठला चांगला, एवढंच विचारलंय. पुढे लिहितात, "दिवसभर यीस्ट आणि कुठलं तरी कायनेज घेऊन बसते. पाव फुगवणाऱ्या बुरशीत कसलं करिअर? म्हणून प्रोजेक्टची वही कपाटात घालून कुलूप लावलंय. तुम्हाला कळावं म्हणून एका पानाचा फोटो पाठवतोय."

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कुलपापाशीच अडकले. मार्कांचं मला काही वाटत नाही, २०२५ ला २२ लाखांवर मुलं बसली होती या परीक्षेला, त्यात ४३१ आणणारी मुलगी मठ्ठ नसते आणि आळशी पण नसते. पण वीस वर्षांच्या पोरीची वही कुलपात? मोबाईल काढून घेतला असता तर मी समजू शकले असते, वही कशी काय काढून घेतली? आणि तुम्ही लिहिलंय की ती काहीच बोलली नाही, जेवली आणि झोपली, म्हणजे तिला पटलं असावं. नाही हो दादा. पटलं असतं तर ती बोलली असती, निदान रडली तरी असती. साताऱ्यात माझ्याकडे एक आई यायच्या, त्यांचा मुलगा दोन वर्षं प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होता आणि परीक्षेच्या दिवशी सेंटरवर गेलाच नाही, संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर बसून राहिला. भांडणाऱ्या मुलांची मला एवढी काळजी वाटत नाही, गप्प झालेल्यांची वाटते. आणि अजून एक, तुमच्या पत्रात मिरजेला एमबीबीएस करणारा पुतण्या चार वेळा आलाय. मुलीला काय आवडतं ते एकदाही नाही.

आता ते पान. तुम्ही तक्रार म्हणून पाठवलंत, मी मात्र मोठं करून करून वाचलं. दोन फ्लास्क आहेत, दोन्ही ३० डिग्रीला. एकात यीस्टला सगळं खाणं दिलंय, दुसऱ्यात साखर भरपूर पण नत्र नाही. दर तासाला किती गढूळ झालं त्याचं रीडिंग. पहिला ०.२० वरून चार तासांत १.२७ वर गेला. दुसरा ०.२० वरून ०.३७ पर्यंत आला आणि तिथेच राहिला. एक आकडा खोडलाय आणि शेजारी लाल पेनाने लिहिलंय, "ब्लँक लावायला विसरले, परत घेतलं." (ब्लँक म्हणजे यीस्ट न घातलेलं नुसतं पाणी-खाणं, त्यावर आधी मशीन शून्यावर आणायचं असतं.) ही ओळ बघून मला फार बरं वाटलं, कारण चुकलेलं रीडिंग गुपचूप सुधारून टाकणारी मुलं मी भरपूर बघितलीत आणि ही तशी नाही. खाली कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलंय: "साखर संपलेली नाही. मग थांबले का? थांबा असं कोण सांगतं?"

बास, हा तिचा प्रश्न, आणि "पाव फुगवणारी बुरशी" म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत त्याचं उत्तर पण यातच आहे. तुम्ही बागायतदार आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर नत्र जास्त पडलं की वेल नुसती शेंड्याला पळते आणि घडाचं नुकसान होतं, हे तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाला रोज सांगत असाल. मग नत्र आलं की गेलं हे पेशीला कळतं कसं? यीस्टमध्ये हा हिशोब मुख्यतः टॉर नावाचं कायनेज ठेवतं. कायनेज म्हणजे एटीपीवरचा (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन) फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रोटीनवर बसवणारं एन्झाइम, तो बसला की त्या प्रोटीनचं काम सुरू होतं नाहीतर बंद पडतं. नत्र आहे तोवर टॉर चालू, ते पुढे एससीएच९ नावाच्या आणखी एका कायनेजवर फॉस्फेट बसवतं, रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं, बनत राहतात, पेशी वाढते, कळी धरते. नत्र तुटलं की टॉर गप्प होतं, नवीन रायबोसोम बनणं थांबतं आणि पेशी स्वतःच्याच आतला जुना माल मोडून त्यावर दिवस काढते. आता गंमत बघा, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन नावाचं औषध मिळालं, ते यीस्टला दिलं तर समोर भरपूर खाणं असूनसुद्धा पेशी उपाशी असल्यासारखी थांबते, म्हणजे नुसतं खाणं असून भागत नाही, खाणं आहे हा निरोप पोचावा लागतो! १९९१ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी या औषधालाही न थांबणारे यीस्ट निवडून काढले आणि त्यातून टॉरची जीन्स सापडली, पुढे तेच प्रोटीन माणसात पण मिळालं. आज किडनी बदललेल्या पेशंटला सिरोलिमस देतात ना, ते हेच रॅपामायसिन. त्याच जातीचं एव्हरोलिमस काही कॅन्सरमध्ये वापरतात. तुमचा पुतण्या फार्माकॉलॉजीत जे औषध शिकेल ते पेशीत नेमकं कशाला धरतं हे आधी यीस्टमध्ये कळलं, आणि तुमची लेक नेमक्या त्याच दारात उभी आहे, तेही कोणी न सांगता, स्वतःच्या रीडिंगवरून.

यीस्टवर पोट भरत नाही हेही खरं नाही. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल कोण करतं? यीस्टच. हेपटायटिस बीची लस यीस्टमध्ये बनते, बायोकॉनचं इन्सुलिन पिकिया नावाच्या यीस्टमध्ये बनतं. या सगळ्या ठिकाणी यीस्ट नीट वाढवता येणारी आणि रीडिंग खोटं न लिहिणारी माणसं लागतात.

रस्ता सरळ आहे: बीएस्सी पूर्ण, मग जॅम किंवा सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहेच, पुढे संशोधनासाठी नेट परीक्षा.

पण तुम्हाला नुसतं गोड गोड सांगणार नाही. संशोधन म्हणजे एमएस्सीनंतर अजून पाच-सहा वर्षं, नेट-जेआरएफ निघालं तर महिन्याला ३७,००० फेलोशिप, नाही निघालं तर ओढाताण, आणि पीएचडी झाल्यावर पर्मनंट नोकरी लगेच मिळत नाही. तुमची पैशाची भीती खोटी नाही, एका वर्षी अवकाळी आला की बागेचं काय होतं ते तुम्ही भोगलेलं आहे. ती भीती तिला तशीच सांगा, आकड्यांसकट, बागेवर कर्ज किती आहे तेही. वीस वर्षांची मुलगी ते समजू शकते. तिला स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग आत्तापासून शिकावं लागेल आणि इंग्रजी पेपर वाचायची सवय लावावी लागेल, हे मी तिलाही सांगणार आहे.

लातूरच्या क्लासचं नाव मी देत नाही. तिसरा अटेम्प्ट तिला स्वतःला द्यायचा असेल तर ती मला लिहू दे, मी सगळी मदत करीन, डॉक्टर होणं काही वाईट नाही. पण हा प्रश्न तुमच्याकडून आलाय, तिच्याकडून नाही, आणि दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडायचं हे फार मोठं पाऊल आहे.

आज संध्याकाळी दुकान बंद केलंत की कपाट उघडा. वही तिच्या हातात द्या, आईच्या हातून नको, तुम्हीच द्या. भाषण करू नका. फक्त विचारा की हा दुसरा फ्लास्क थांबला का, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. नत्राचं आहे म्हटल्यावर तुम्हाला निम्मं आपोआप कळेल.

आणि तिला म्हणावं, मला पुढचं पान पाठव. त्या थांबलेल्या फ्लास्कमध्ये परत नत्र घातलं की किती वेळाने रीडिंग हलतं, ते तिने अजून लिहिलेलं नाही.