सातव्या महिन्यात कोलेस्टेरॉल 268, ट्रायग्लिसराइड 245 आलंय. घाबरण्यासारखं आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की रिपोर्टवर दोन्ही आकड्यांपुढे लाल अक्षरात 'हाय' आहे आणि घरचे विचारतायत, "असं काय खाल्लंस?" हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले. आकड्यांचं उत्तर तसं छोटं आहे. रिपोर्टवर छापलेली ट्रायग्लिसराइडची 150 आणि कोलेस्टेरॉलची 200 ची मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची असते. शेवटच्या तीन महिन्यांत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, दुप्पट-तिप्पट होतं, कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने वाढतं. इस्ट्रोजेन वाढलं की यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं, आणि ती रक्तातून उचलून घेणारं एन्झाइम नेमकं याच काळात मंदावतं. आईने चरबीवर भागवायचं, साखर बाळासाठी ठेवायची, अशी शरीराने केलेली सोय आहे ती. तुमचे 245 त्यात आरामात बसतात.

आता "काय खाल्लंस" बद्दल.

मी कराडला एका लॅबमध्ये 14 वर्षं टेक्निशियन आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या वेळचे दिवस होते, तिसावा आठवडा. थंडीचे दिवस, त्यामुळे सासूबाईंनी साजूक तुपातले खारीक-खोबऱ्याचे लाडू केलेले, सकाळी एक, संध्याकाळी एक, पानात पडलाच पाहिजे. त्या दिवशी ती पोहे खाऊन आली होती. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर बघायची होती, आपल्याकडे गरोदरपणात करतात त्या पद्धतीत या तपासणीसाठी उपाशी असावं लागत नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) आणि टीएसएच (थायरॉइड). रक्त मीच काढलं. सिरिंजमध्ये येतानाच रंग खटकला, टोमॅटोच्या सारात साय कालवल्यासारखा. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर ट्यूब उचलली तर सीरमच्या, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर द्रावाच्या, जागी चक्क दूध. गढूळ वगैरे नाही, म्हशीचं दूध.

अशा सॅम्पलसाठी आमच्याकडे एक ठरलेली ओळ आहे: 'सॅम्पल लायपेमिक, उपाशीपोटी पुन्हा द्यावे'. लायपेमिक म्हणजे चरबीने दुधाळ झालेलं. ती मी शेकडो रिपोर्टांवर लिहिली असेल. आमच्या लॅबचे सर म्हणाले, "पोहे खाल्लेत ना तिने? मग उद्या बोलवा." त्यांचं माझं वाजलं ते इथेच. बशीभर पोह्यांनी सीरम जरासं ढगाळ होतं. त्याचं दूध होत नाही. पेशंट खाऊन आला, असं म्हणून ट्यूब टाकून देणं म्हणजे समोर आलेली खूण केरात टाकणं. मी 14 वर्षं हेच म्हणतेय. (खरं तर 4 वर्षं. त्याआधी मीही टाकतच होते.)

तेवढ्यात सीबीसीचं मशीन थांबलं. हिमोग्लोबिन 12.9. पंधरा दिवसांपूर्वी तिचं 10.4 होतं. भावजी काउंटरपाशीच उभे होते, त्यांनी स्क्रीनवर वाचलं आणि मी तोंड उघडायच्या आत घरी फोन लावला, "आई, रक्त वाढलं!" पलीकडून सासूबाई काय म्हणाल्या ते मला इकडे ऐकू आलं. लाडू.

मी खालची ओळ बघत होते. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते, 39. तो आकडा सहसा 36 च्या वर जात नाही, गेला तर आधी मशीनवर शंका घ्यायची. हिमोग्लोबिन मोजताना मशीन द्रावातून उजेड सोडतं आणि किती अडला ते बघतं. द्रावात चरबी असली की तीही उजेड अडवते आणि मशीन तिलाही हिमोग्लोबिन समजतं. वरचा दुधाळ प्लाझ्मा काढला, तेवढंच सलाइन घातलं, पुन्हा लावलं. 10.6. पण तोवर 12.9 शेजारच्या काकूंपर्यंत पोचले होते.

मग ट्रायग्लिसराइड लावलं. आमच्या मशीनची मर्यादा 1000, म्हणून सॅम्पल पातळ करून घ्यावं लागलं. आलं 1640. डॉक्टरांनी न मागितलेली टेस्ट लावली म्हणून सर चिडले, आणि नियमाने ते बरोबरच होते. पैसे मी माझ्या खिशातून भरले. उरलेलं सीरम फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी 12 तासांच्या उपासानंतर 1120 आलं, आणि फ्रिजमधल्या ट्यूबमध्ये वर सायीचा जाड थर, खाली तरीही गढूळ. वरची साय म्हणजे अन्नातली चरबी, जी रक्तातून उचललीच गेली नव्हती. खालचा गढूळपणा यकृताने सोडलेल्या चरबीचा. म्हणजे दोन्हीकडून माल येत होता आणि उचलणारं कुणी नव्हतं. ती ट्यूब सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. काही बोलले नाहीत.

तिच्या डॉक्टरबाईंनी मात्र लगेच फिजिशियनकडे पाठवलं. मधुमेह, मंद थायरॉइड, लघवीतून जाणारी प्रोटीन्स, यांनीही ट्रायग्लिसराइड चढतं, म्हणून ते सगळं तपासलं. काही निघालं नाही. तेल-तूप जवळजवळ बंद, फिश ऑइलच्या कॅप्सूल, दर आठवड्याला रक्त. 1000 च्या वर खरी भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची असते, आणि गरोदरपणात ती आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकते. आम्हाला सांगून ठेवलं होतं की पोटात वरच्या बाजूला दुखून कळ पाठीत गेली, उलट्या सुरू झाल्या, तर पित्त म्हणून घरी बसायचं नाही. कॅज्युअल्टीत शिरल्याशिरल्या ट्रायग्लिसराइडचा आकडा सांगायचा, कारण सीरम दुधाळ असलं की अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारं एन्झाइम) नॉर्मल दिसून फसवू शकतं, लायपेज हे दुसरं एन्झाइम बघावं लागतं. तशी वेळ आली नाही. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली.

वेळ आली ती घरात. "लाडवांनी तिचं रक्त वाढलं आणि तू ते बंद करतेस?" "आई, रक्त वाढलं नाही, चरबी वाढली, ती लाडवांनीच." दोन महिने आम्ही दोघी भांड्यांच्या आवाजात बोलत होतो. जाऊ मधे बसून बिनतुपाची भाकरी खायची.

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी तिचं उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 410. तेव्हा घरात लाडू नव्हता. फिजिशियनच्या सांगण्यावरून तिच्या भावाचं तपासलं, धडधाकट माणूस, 870. म्हणजे मूळ माहेरच्या रक्तात होतं, गरोदरपणाने ते उघड्यावर आणलं. लाडवांनी भर घातली असेल, पण कारण ते नव्हते. मी लाडवांना दोष दिला ते चुकलंच. इथे कबूल करते, घरी अजून केलेलं नाही.

तर ताई, तुमच्या घरच्यांना सांगा की 245 हा काय खाल्लं याचा हिशोब नाही. आणि ही टेस्ट तुम्हाला सांगितली कुणी? गरोदरपणात कोलेस्टेरॉल सरसकट बघत नाहीत. पॅकेजमध्ये आली असेल तर ती लॅबच्या धंद्यासाठी आली, तुमच्यासाठी नाही, आणि हे मी लॅबमध्ये बसून लिहितेय. तुमचं एलडीएल ('वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) 157 लिहिलंय ते बहुतेक मोजलेलंही नसेल, वजाबाकी असेल: 268 मधून एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) 62 आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे 49, काढून टाकायचे. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ही वजाबाकी चालत नाही. सातव्या महिन्यातल्या एलडीएलवरून 'तुम्हाला कोलेस्टेरॉल आहे' असा शिक्का कुणाला मारू देऊ नका. बाळंतपणानंतर किमान 6 आठवडे जाऊ द्या, 3 महिने गेले तर उत्तम, मग पुन्हा बघा.

मी डॉक्टर नाही हे वरच लिहायला हवं होतं. ट्रायग्लिसराइड 500 पार गेलं, आधी कधी स्वादुपिंडाचा त्रास झालाय, दिवस जाण्याआधीही एलडीएल जास्त होतं, किंवा वडिलांना कमी वयात हार्ट अटॅक आलाय, तर माझं 'घाबरू नका' तुमच्यासाठी नाही. आधीपासून स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

गरोदर बाईचं सॅम्पल दुधाळ निघालं तर सर आता स्वतः तिच्या डॉक्टरांना फोन लावतात. सासूबाईंचं म्हणाल तर गेल्या महिन्यात पुतणीच्या डोहाळजेवणात त्या सांगत होत्या, "आमच्या धाकटीचं रक्त लाडवांनी 12.9 झालं होतं." अगदी पॉइंट नऊसकट. मी शेजारीच बसले होते, ताटातला लाडू खात.